बंद पडला तेव्हा जवळ कोण होतं

सोमवार, ४ मार्च

आज दोनदा बंद पडला. दहा वीसला आणि अकरा पाचला. दोन्ही वेळा मी काहीही केलेलं नाही!

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून. त्या डॉक्टर नाहीत. कोपऱ्यावरच्या गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करतात. पण कपाळावर भिंग बांधून बसतात आणि मशीनला 'पेशंट' म्हणतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं ते नाव. मी तिसऱ्यांदा पेशंट घेऊन गेले आणि तिसऱ्यांदा तो त्यांच्या टेबलावर दोन तास शहाण्यासारखा चालला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, माझ्यासमोर तो पडत नाही तोवर मी औषध कशावर देऊ? एक वही घाला. कधी पडला, काय चालू होतं, कोण जवळ होतं. तीन रकाने."

"कोण जवळ होतं हे कशाला?"

"लिहा हो. माणसं काय काय करतात आणि सांगत नाहीत."

तर पेशंटचा इतिहास. वय वर्षं अकरा. बॅटरी मेलेली, त्यामुळे सतत वायरला जोडून ठेवावा लागतो. वायरीची पिन सैल, म्हणून तिला कपड्यांचा चिमटा आणि चिमट्याखाली शब्दकोशाचा दुसरा खंड. पहिला खंड चालत नाही, जाड पडतो. उजवी बिजागरी तुटलेली, पडदा बिस्किटांच्या डब्याला टेकवलेला. पंखा खोकतो. एवढं सगळं असूनही चालत होता बापडा. हे मधेच डोळे मिटणं मात्र नवीन. पडतो, आणि बटण दाबलं की काही झालंच नाही अशा तोंडानं उठतो.

माझा धंदा लिहून ठेवते म्हणजे हसायला बरं. मी घरगुती यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. मिक्सर, गीझर, इस्त्री. 'समस्या – संभाव्य कारण – उपाय' हे तक्ते गेली बावीस वर्षं माझ्या हातचे आहेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! सध्या वॉशिंग मशीन चालू आहे. चौसष्ट पानं, पंचवीस तारखेला द्यायची.

मंगळवार, ५ मार्च

९.४० – पान ६ लिहीत होते – ताई.
१०.१५ – पान ६च – ताई.
१२.०० – पान ७ – ताई, तिचा चहा.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय सत्तर. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भावोजी गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आली, त्याला आठ वर्षं झाली. ती माझ्या डाव्या हाताला बसते आणि मी लिहिलेलं वाकून वाचते. वाचताना हात लॅपटॉपच्या कोपऱ्यावर. जुनी सवय, मुलांच्या बाकावर असाच ठेवायची.

"बारके, एका पानात 'कृपया' सहा वेळा? त्यानं मशीन विकत घेतलंय. आपण काय त्याच्या दारात उभ्या आहोत?"

बारकी म्हणजे मी. वय बासष्ट, वजन विचारू नये.

तिनं चार 'कृपया' उडवले आणि लॅपटॉप पडला. बहुतेक त्याला उद्धटपणा सोसत नसावा.

बुधवार, ६ मार्च

पाचदा. पाचही वेळा ताई जवळ. पण ती कायमच जवळ असते, फ्रिजही कायमच जवळ असतो. ताई म्हणाली, "मग फ्रिजचंही नाव लिही. एकट्या माझ्यावर कशाला?"

शुक्रवार, ८ मार्च

आता ही वही डॉक्टरीणबाईंना दाखवता यायची नाही. रकाने वेगळ्या कागदावर उतरवून देईन.

भाच्याचा फोन आला. म्हणजे ताईचा मुलगा. लांबच्या शहरात असतो, विमानानं अडीच तास. ताईनं आता कायमचं त्यांच्याकडे यावं म्हणतो. खोली रिकामी केलीय. इमारतीला लिफ्ट आहे. लिफ्टचं त्यानं तीनदा सांगितलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, जिने चढून – ते खरंच आहे. त्यातून ताईचं गुडघ्याचं रडगाणं त्याला मीच सांगितलं होतं. कुठून बुद्धी झाली.

ताई म्हणाली, "येईन की." एवढंच. कप विसळत म्हणाली.

तो म्हणाला मी तिकीट काढून पाठवतो. त्यावर मात्र ही ताठ. "मी काय पार्सल आहे? माझं तिकीट मी काढणार. बारकी काढून देईल, इथल्या लॅपटॉपवरून." माझ्या फोनवरून काढू म्हटलं तर म्हणे, "एवढ्याशा पडद्यावर मी एवढा मोठा निर्णय घेत नसते."

पाच वाजता तिकिटाचं पान उघडलं. ताई वाकली, कोपऱ्यावर हात. पडला! उठवला. या पडण्यात तिकिटाचं पान पहिल्यापासून भरावं लागतं. पुन्हा नाव, पुन्हा वय. पुन्हा हात, पुन्हा पडला. ताईनं हात उचलून आपल्या हाताकडे पाहिलं. उलटासुलटा करून पाहिला.

"या कोपऱ्यात आत काय असतं गं?"

"मला काय माहीत. मी वॉशिंग मशीनची माणूस."

मग तिला एकदम थकवा आला. तिकीट उद्यावर.

डावं मनगट दुखतं म्हणाली. मी गेल्या महिन्यात तिला चुंबकाचं कडं आणून दिलं होतं दुखण्यावर. तेव्हा म्हणाली होती, "यानं दुखणं गेलं तर मी पदवी परत करीन." दुखणं गेलेलं नाही. कडं मात्र एक दिवस काढलेलं नाही, अंघोळीलासुद्धा.

रविवार, १० मार्च

भाचा लॅपटॉपवर दिसतो दर रविवारी, अकरा वाजता. आज त्याच्यामागे रिकामी खोली दाखवली. पडदे निळे.

"आई, मग तिकिटाचं—"

पडला.

"आई, मी म्हणत होतो, तिकीट—"

पडला.

तिसऱ्या वेळी तो 'ति' म्हणाला आणि गेला. मग फोनवरून मला सूचना. हे उपट, ते खुपस, दहा आकडे मोज. अडीच तासांच्या विमानावरून शेळ्या हाकणं चाललं होतं! मी हो हो म्हणत भाजी निवडली.

सोमवार, ११ मार्च

पंखा साफ केला. चित्रांचा ब्रश, नाकाला रुमाल. आतून एवढा भुगा निघाला की एक उशी भरली असती. लॅपटॉप आता भांडी निथळायच्या जाळीवर ठेवलाय, खालून हवा खेळावी म्हणून. जाळी लॅपटॉपला, ओली भांडी टॉवेलवर, टॉवेल दोरीवर नाही म्हणून अंघोळ उशिरा. घर कसं चालतं ते एका यंत्रावर ठरायला लागलंय.

वरच्या मजल्यावरचे काका आले. आयुष्यभर टपाल खात्यात होते, त्यांना सगळ्यातलं कळतं. म्हणाले तोंड खिडकीकडे करा, यंत्राला मोकळं वाटतं. केलं. पडद्यावर ऊन येऊन काहीच दिसेना. काका म्हणाले, "पण चालतोय ना?"

दिवसभर एकदाही पडला नाही. ताई बाजूलाच होती. डावा हात मांडीवर ठेवून, नुसती मान लांब करून 'कृपया' मोजत होती.

बुधवार, १३ मार्च

डॉक्टरीणबाई घरी आल्या. व्हिजिट. भिंग, मीटर, छोटे छोटे स्क्रू ठेवायला औषधाची डबी. चिमटा आणि शब्दकोश पाहून त्यांनी आधी भिंग पुसलं.

तासभर काही होईना. चालतोय आपला! मी कानकोंडी. शेवटी म्हटलं, तिकीट काढून दाखवते. पान उघडलं, ताई चहा घेऊन आली, कप ठेवला, वाकली – पडला.

"पडला!" डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. "माझ्यासमोर पडला!" त्यांचा आनंद पाहून आम्हालाही आनंद झाला. तिघींनी मिळून चहा घेतला.

मग त्यांनी पोट उघडलं. मेमरीची पट्टी काढली आणि म्हणाल्या, खोडरबर आहे का? मला वाटलं थट्टा. पण खरंच खोडरबरानं तिचे पिवळे दात घासतात. रबर ताईचं, शाळेतलं. ताईनं ते इतक्या प्रेमानं दिलं की काय सांगू. घासून बसवलं. काम – चाललं. गाणी – चालली. तिकीट – पडला.

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडतोय का झोपतोय कळत नाही. पण तिकिटाच्या पानाला लोड जास्त येतो. तुमच्या घराचं अर्थिंग बघून घ्या." रोग आमच्या भिंतीत ढकलून गेल्या.

गुरुवार, १४ मार्च

वायरमन आला. भिंतीला कान लावतो. म्हणाला हे वायरिंग माझ्या वडिलांनी केलेलं दिसतंय, आणि डोळे पुसले. नंतर कळलं की डोळ्यात चुना गेला होता.

त्याचं निदान असं की करंट माणसातून जमिनीत जातो आणि यंत्र घाबरतं. मग प्रयोग. लॅपटॉप सोडून घरातलं सगळं बंद. फ्रिजसुद्धा. सगळ्यांनी रबरी चपला घालायच्या आणि लाकडावर उभं राहायचं. तर मी इस्त्रीच्या फळीवर, ताई स्टुलावर (उतरवायला मग दोघं लागले), वरचे काका बोलावलं नसताना आले ते उंबऱ्यावर, आणि वायरमन भिंतीशी. सगळे तिकिटाच्या पानाकडे बघत. मी म्हटलं, "नाव भरते." ताई स्टुलावरून पडद्याकडे झुकली, तोल जाऊ नये म्हणून हात टेकला.

पडला.

वायरमन म्हणाला, उंदीर असेल.

शनिवार, १६ मार्च

आज बसून वही पहिल्यापासून वाचली. बावीस वर्षांचा अनुभव काही फुकट नाही. तक्ता मांडला.

आठ तारखेपर्यंत काम करतानाही पडत होता. आठ तारखेनंतर काम करताना एकदाही नाही. पान ११ ते ४३, सलग! पडतो तो फक्त तिकीट म्हटलं की. मग ते पान असो नाहीतर भाच्याच्या तोंडचा शब्द असो.

समस्या: लॅपटॉप तिकिटाच्या विरुद्ध आहे.
संभाव्य कारण: त्याला मराठी कळतं.
उपाय: समजूत घालणे.

लिहायला लाज वाटते, पण मी समजूत घातली. दार लोटून. म्हटलं, हे बघ, तिचा मुलगा आहे तो. नातू आहे. लिफ्ट आहे. आपण कोण अडवणारे? अकरा वर्षं तुला सांभाळलं, आता एवढं एक कर. पंखा खोकला. मी ते होकारार्थी घेतलं.

संध्याकाळी ताई फिरायला गेली तेव्हा एकटीनं पान उघडून पाहिलं. पंचवीस मिनिटं ठणठणीत! नाव भरलं. वय भरलं. खिडकीची जागा निवडली. शेवटचं बटण समोर आलं. बाण नेऊन ठेवला त्याच्यावर. मग पान मिटलं. तिचं तिकीट तिच्या माघारी काढणं बरं दिसत नाही.

हे कारण खोटं आहे. वही माझी आहे, इथे कशाला खोटं लिहू. माझं बोटच उचललं नाही.

रविवार, १७ मार्च

आज मी एक वाक्य बोलले.

अकराला भाचा आला. त्यानं 'ति' म्हणताच पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. भाच्याचा फोन – "मावशी, तुम्ही मुद्दाम बंद करता का?" मला! मी जाळी, चिमटे, रबरी चपला करून करून थकलेली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ताई, तू जवळ बसलीस की पडतो हा. काल मी एकटी होते तर काही झालं नाही. तू जरा लांबच बस."

ती उठली. दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली, चपला काढायला बसतो आपण तिथे. हात मांडीवर. तिथूनच मुलाशी बोलली, जरा मोठ्यानं.

लॅपटॉप तासभर चालला. भाचा खूश. म्हणाला, "मावशी, जमलं! मी रजा बघून तारीख सांगतो. पुढच्या रविवारी आपण तिघं मिळून काढूनच टाकू."

रकाना: पडला नाही. जवळ कोण: कोणी नाही.

मंगळवार, १९ मार्च

ताई टेबलाशी येत नाही. आतल्या खोलीत पेपर वाचते. तोच पेपर, सकाळी आणि संध्याकाळी.

पान ५०. 'कृपया' बारा वेळा आलेत. कोणी उडवत नाही.

तिला 'जाऊ नकोस' म्हणणं म्हणजे काय – तर तिच्या मुलापासून तिला तोडणं, कारण मला चहा दोघींचा करायची सवय लागलीय. असा स्वार्थ मला जमत नाही. मी गेल्या महिन्यात भाच्याला फोनवर सांगितलंही होतं – माझी काळजी नको करू, एकटीनं राहायची मला सवय आहे, मी मजेत राहीन. ताई तेव्हा पलीकडे गवार मोडत होती. ती मोडतच राहिली. मीही मूग गिळले. आमच्या घरात मूग फार गिळतात.

बुधवार, २० मार्च

न्हाणीघरात साबणाच्या शेजारी ताईचं कडं दिसलं. मी नेऊन दिलं.

"काढलंस?"

"हो."

"दुखत नाही का?"

"दुखतंय की. पण आता कशाला." मग म्हणाली, "रविवारी काढ तिकीट. आता नाही पडायचा तो. मी अगदी शेजारी बसले तरी नाही पडायचा."

"तुला काय माहीत?"

"चौतीस वर्षं शिकवलंय," ती म्हणाली आणि पेपर उघडला.

कडं घेतलं नाही. माझ्याच हातात राहिलं. ओट्यावर ठेवलं तर फ्रिजला जाऊन चिकटलं.

गुरुवार, २१ मार्च

काही नाही. पान ५६. काका विचारून गेले, यंत्राचं तोंड कुठे केलंत.

शुक्रवार, २२ मार्च

पान ५७. 'समस्या: झाकण उघडं असताना मशीन थांबतं. कारण: सुरक्षेची सोय.' हे कसं होतं ते मला नीट लिहायचं होतं, म्हणून कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. बडबड्या माणूस आहे. म्हणाला, "सोपंय बाई. झाकणात लोहचुंबक असतं. ते कोपऱ्यातल्या एका जागेजवळ आलं की मशीनला वाटतं झाकण मिटलं. तुमच्या लॅपटॉपलासुद्धा तसंच असतं. पडदा मिटला की झोपतो ना? त्याच्या कोपऱ्यातही असतं ते."

मी म्हटलं, कुठल्या कोपऱ्यात?

"बहुतेक डाव्या. का हो?"

फोन ठेवला. फ्रिजवरचं कडं काढलं. लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर धरलं.

झोपला.

काढलं, बटण दाबलं. उठला. धरलं. झोपला. सतरा वेळा केलं. लहान पोराच्या हाती दिव्याचं बटण लागावं तसं. काखेत कळसा आणि मी गावभर – मेमरीचे दात घासले, स्टुलावर सत्तर वर्षांची बाई चढवली!

मग हसू थांबलं आणि वही पुन्हा काढली.

आठ तारीख. ताई आपला हात उलटासुलटा करून बघते आहे. नऊ तारखेपासून काम करताना डावा हात मांडीवर. रविवारी मुलगा 'तिकीट' म्हणतो तेव्हा हात कोपऱ्यावर. डॉक्टरीणबाई आल्या, कप ठेवला – डाव्या हातानं, आणि ती डावखुरी नाही. स्टुलावर उभी राहून तोल सावरायचा तर भिंत होती ना शेजारी. लोखंडाचा कीस कागदावर पसरून चौतीस वर्षं मुलांना ज्या बाईनं चुंबक दाखवलं, तिला पाच दिवसांत कळलं. मला कळायला वॉशिंग मशीन लागलं.

तिला जायचं नव्हतं. ती मला सांगत होती, रोज, आणि मी रकाने भरत होते.

आणि मी तिला म्हटलं, लांब बस.

शनिवार, २३ मार्च

सकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेले. तीन रकाने कागदावर उतरवून नेले. त्यांनी भिंग खाली घेतलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि एका मिनिटात विचारलं, "मोठ्या मावशींच्या हातात काय असतं?"

"काही नाही," मी म्हटलं. आता खरंच काही नसतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद घडी करून परत दिला. "पेशंटला काही झालेलं नाही. वायरीची पिन तेवढी बदलून घ्या, तो शब्दकोश बघवत नाही."

घरी आले तर ताईची बॅग पलंगावर उघडी. साड्या, चष्म्याचं घर, गुडघ्याचा पट्टा. लोखंडाच्या किसाची शाळेतली बरणी तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ही तुला. तिकडे कोण बघणार कीस."

मी विचारायचं ठरवलं होतं. जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं होतं – ताई, तुला जायचंय का? तोंडून निघालं ते, "बॅगेचं चाक मोडलंय बघ."

"चालेल. लिफ्ट आहे म्हणे."

कडं काढलं म्हणजे आता तिला जायचंय? की मला नको आहे म्हणून निघाली? विचारलं तर ती 'येईन की' म्हणते तसं 'जाईन की' म्हणेल, कप विसळत. तिला ओळखत नाही का मी. आणि ती मला ओळखत असेल तर तिला एवढंच ठाऊक आहे की बारकीला एकटीनं राहायची सवय आहे.

मला ती सवय नाही. आठ वर्षांत पार मोडली. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि तेही कुणाला, तर लॅपटॉपच्या वहीला.

रविवार, २४ मार्च

वेळ: अकरा बावीस. 
काय चालू होतं: तिकीट. भाचा पडद्यावर, तारीख पक्की, खिडकीची जागा, शेवटचं बटण.
कोण जवळ होतं: ताई, माझ्या डाव्या हाताला, मीच बसवली. तिचे दोन्ही हात मांडीवर, मोकळे. कडं माझ्या मनगटात.

पडला.

ताईनं माझ्या मनगटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझा फोन ओढून घेतला, एवढ्याशा पडद्यावर स्वतः नंबर लावला आणि मुलाला म्हणाली, "अरे, मी येत नाहीये. इथेच राहणार. ... नाही रे, लॅपटॉपला काहीही झालेलं नाही."